पातं उलटं ठेवायचं होतं

१

सकाळी धार लावायची, दुपारी जेवून घटकाभर आडवं व्हायचं आणि मगच पाती तपासायला बसायचं. धाकट्याच्या घरात हा नियम त्याच्या वडिलांपासून चालत आलेला. धार लावून लावून बोटं बधिर झालेली असतात, मन आपल्याच कामावर खूश असतं, अशा वेळी केलेली तपासणी कसली तपासणी, असं वडिलांचं म्हणणं. म्हातारा भारी कडक होता. तो जाऊन इतकी वर्षं झाली, स्वतः धाकट्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी नियम मोडायची काही त्याची छाती होत नव्हती. आणि हो, मिशा पांढऱ्या झाल्या तरी तो धाकटाच. मोठी बहीण घरात असली की माणसाला मोठं व्हायची सोय नसते.

काम म्हणाल तर डोळ्यांचं. म्हणजे डोळ्यांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या पात्यांचं. बुबुळावर जो काचेसारखा स्वच्छ पडदा असतो, ज्याला कॉर्निया म्हणतात, तो खराब झाला की डॉक्टर त्याचा गोल तुकडा कापून काढतात आणि त्या जागी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यातला तसाच गोल शिवतात. तो गोल कापायला एक गोल पातं लागतं, बारक्या नळीच्या तोंडाएवढं. मग उरलेली कड कापायला दोन कात्र्या, एक डावीकडे वळलेली, एक उजवीकडे. आणि एक सुरी, जिचं पातं तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नाही. इस्पितळातून ही हत्यारं लाकडी पेटीत यायची आणि धार लागून परत जायची.

धार तपासायला डफली. नाव त्यांच्या घरातलंच. वाटीच्या तोंडाएवढं कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं कोकराचं पातळ कातडं. पातं चिमट्यात हलकेच धरायचं, कातड्याला टेकवायचं आणि नुसतं सोडून द्यायचं. जोर म्हणून लावायचा नाही. धार चांगली असली की पातं स्वतःच्या वजनानं आरपार जातं आणि जाताना हूं की चूं करत नाही. कसर राहिली असली की कातडं 'टक' म्हणतं आणि पातं वरच अडकतं. आवाज अगदी बारीक, पण कान तयार असला तर शेजारच्या खोलीतही ऐकू जातो.

त्या दिवशी सकाळी धाकट्यानं गोल पातं मायक्रोस्कोपखाली धरलं तेव्हा धारेला एक खांडा पडलेला दिसला. भिंग जरा धुरकट होतं. हल्ली रोजच असायचं. त्यानं ते मऊ फडक्यानं पुसलं, मग पुन्हा पुसलं, फडकं विकणाऱ्याला दोन शिव्या हासडल्या आणि खांडा दुपारनंतर बघू म्हणून पातं तसंच ट्रेमध्ये ठेवलं. मग शेजारच्या खोलीतल्या ताईला हाक मारून जेवायला बसवलं. ताईला दिसत नाही. ताटात कुठे काय वाढलंय ते तो तिला बोट धरून दाखवायचा.

दुपारी उठून आला, सवयीनं रेडिओ मोठ्यानं लावला आणि पातं भिंगाखाली घेतलं. खांडा नव्हता. धार गोल फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिळत होती, कुठे तुटलेली म्हणून नाही. डफलीवर सोडलं तर लोण्यातून गेल्यासारखं आरपार गेलं.

"घ्या!" तो स्वतःशीच म्हणाला. "सकाळी आपणच लावून ठेवली आणि आपणच विसरलो. म्हातारचळ लागला म्हणायचा."

तो हसलासुद्धा. हसायला काही झालं नव्हतं, पण माणूस हसतो.

२

आता मागचं थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या खोलीत दोन टेबलं होती. खिडकीजवळचं ताईचं, भिंतीकडचं धाकट्याचं. ताईला दिसत होतं तेव्हा धार लावायची ताईनं, तपासायची धाकट्यानं. ज्याचं काम त्यानंच तपासायचं नाही, हाही वडिलांचाच नियम, आता एकट्या धाकट्याला पाळता न येणारा. तपासताना एखादं पातं नापास झालं तर बोलून दाखवायचं नाही. ते पातं ज्यानं लावलं त्याच्या टेबलावर उलटं ठेवायचं, धार खाली, मूठ वर. बस. समोरच्याला समजतं. तो ते उचलतो आणि पुन्हा दगडावर घेतो. ना भांडण, ना टोमणा. लहानपणी धार लावायला शिकताना धाकट्याच्या टेबलावर उलट्या पात्यांची रांग लागायची आणि ताई गालातल्या गालात हसायची. ताईच्या टेबलावर उलटं पातं कधी पडलं नव्हतं. डावरी होती ती, पण काय हात! डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी पात्यानं मधोमध चिरलं गेलेलं, ते कायमचं तसंच दुभंगून राहिलं होतं. तेच नख पात्याच्या पाठीला लावून ती धार लावायची. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तर म्हणायच्या, ताईंच्या पात्यानं कापलं की कापल्याचं डोळ्याला कळतसुद्धा नाही.

आई लवकर गेली. धाकट्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली ती ताईच. तिचं लग्न होणार होतं, झालं नाही, त्याचं कारणही बहुतेक धाकटाच. त्या गोष्टीबद्दल घरात कुणी कधी तोंड उघडलं नाही.

आणि मग एक दिवस ताईची कात्री डफलीवर 'टक' म्हणाली.

धाकट्याला वाटलं, कातडं जुनं झालं असेल. बदललं. दुसऱ्या दिवशी सुरी 'टक' म्हणाली. त्यानं सुरी हातात घेतली, उठला, ताईच्या टेबलापर्यंत गेला. ताई भिंग पुसत होती. पुसून पुसून वैतागली होती बिचारी. तिनं मान वर केली आणि विचारलं, "काय रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "पाणी हवंय का विचारायला आलो."

त्या दुपारी ताई आडवी झाली होती तेव्हा त्यानं गुपचूप त्या सुरीला स्वतः धार लावली. त्यात काय एवढं? आयुष्यभर तिनं आपलं केलं, एक दिवस आपण तिचं केलं. पण एका दिवसाचे महिने झाले. रोज सकाळी ताई धार लावायची, रोज दुपारी धाकटा ती धार पुसून नव्यानं लावायचा, आणि संध्याकाळी ताई ट्रे बघून समाधानानं म्हणायची, "एकही उलटं नाही. अजून आहे हो हातात जोर." डफलीचा आवाज तिच्या कानावर जाऊ नये म्हणून धाकट्यानं रेडिओ आणून आपल्या टेबलाच्या कडेला ठेवला. पातं सोडायच्या आधी तो आवाज वाढवायचा. ताई ओरडायची, "बहिरा झालास का रे?" तो म्हणायचा, "छान गाणं लागलंय, ऐक की."

एकदा सकाळी ती खिडकीशी उभी होती. समोरच्या झाडाकडे बघत म्हणाली, "हल्ली सकाळी धुकं फार असतं, नाही?"

बाहेर लख्ख ऊन होतं. झाडाचं पान न् पान दिसत होतं.

"हो," धाकटा म्हणाला. "असतं हल्ली."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. शप्पथ घ्यायचा स्वतःशी. उद्या पातं उलटं ठेवायचं, काय व्हायचं ते होऊ दे. पण संध्याकाळी तिचा चेहरा बघितला की पातं सुलटंच ठेवायचा.

जेव्हा ती दाराच्या चौकटीवर आपटली तेव्हा डॉक्टरकडे नेलं. कॉर्निया पार सुजून पांढरा पडला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या ऑपरेशनच्या पात्यांना धाकट्यानं जीव ओतून धार लावली. नवा पडदा धरला नाही. दुसऱ्या डोळ्यात तर आधीच व्रण पसरले होते.

"पात्यांचा काही दोष नाही," डॉक्टरीणबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या. "उशीर झाला, एवढंच. काम इतकं सुरेख चाललेलं बघून मलाही कधी शंका आली नाही हो. असं काम करणाऱ्या बाईचे डोळे बिघडलेत, हे कुणाच्या मनात येणार?"

धाकट्यानं मान हलवली होती. त्या दिवसापासून त्याच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

३

खांड्याची गोष्ट तो विसरलाही असता. पण मग कात्रीचं तसंच झालं. मग सुरीचं.

सकाळी अर्धवट सोडलेलं दुपारी पुरं झालेलं असायचं. बरं, पुरं म्हणजे कसं, तर स्वतः धाकट्याला साता जन्मांत जमणार नाही असं. त्यानं डावी कात्री भिंगाखाली धरली आणि दगडाच्या रेघा बघितल्या. प्रत्येक कारागिराच्या हाताच्या रेघा पात्यावर उमटतात, भिंगातून त्या नांगरलेल्या शेतासारख्या दिसतात. धाकट्याच्या रेघा उजवीकडे झुकायच्या. या डावीकडे झुकलेल्या होत्या.

त्यानं कात्री खाली ठेवली. मग त्यानं स्वतःला दटावलं. अरे, यात भुताटकी कसली? ताई आहे घरात. आंधळी झाली म्हणून हात विसरला का तिचा? आपण घोरत पडलो की उठत असेल, चाचपडत येत असेल, बसत असेल आपल्या जुन्या जागेवर. मन रमत नसेल तिचं. हा विचार आला आणि त्याला एकदम बरं वाटलं, आणि लगोलग रडूही आलं.

चहा देताना त्यानं सहज विचारलं, "ताई, दुपारी झोप लागते ना गं तुला?"

"न लागायला काय झालं? काम ना धाम. खायचं आणि पडायचं. तुझ्या राज्यात मजा आहे बाबा माझी."

"पाती हातात घ्यावीशी वाटत नाहीत?"

तिनं कप चाचपून खाली ठेवला. मग म्हणाली, "मी जिन्याची पायरी चाचपून उतरते रे. पाती कसली घेते?"

तरी त्याची खात्री पटेना. एक दिवस त्यानं सकाळी धार लावली, मुद्दाम सुरीचं टोक दगडावर आपटून बोथट करून ठेवलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि ताईला घेऊन बागेत गेला. दुपारभर दोघं बाकावर बसून होती. ताईचा हात त्यानं सोडला म्हणून नाही. ती आपली पोरं खेळतात त्याचा आवाज ऐकत, मधूनच हसत बसली होती.

घरी आल्यावर कुलूप जसंच्या तसं होतं. त्यानं ते काढलं. आत तापलेल्या दिव्याचा आणि दगडावरच्या तेलाचा वास होता, कुणी बराच वेळ काम करून नुकतंच उठून गेल्यावर असतो तसा. सुरीचं टोक केसासारखं झालं होतं. आणि डफलीच्या कातड्यावर नवी भोकं होती. धाकटा पातं मधोमध सोडायचा, कसंही, भोकात भोक. ही भोकं डाव्या कडेला होती, ओळीनं, नीटनेटकी. लहानपणी त्याला शिकवताना ताई अशीच ओळीनं पातं सोडून दाखवायची.

"काय रे? का थांबलास?" मागून ताईनं विचारलं. ती अजून उंबऱ्यावरच उभी होती.

"काही नाही," तो म्हणाला. "ये, पाय जपून टाक."

४

डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली, गोल पातं उजेडात धरलं आणि खुर्चीतच सावरून बसल्या.

"तुमच्या हाताला हे काय आलंय? ताईंची धार आहे ही! अगदी ताईंची. मध्यंतरी, रागावू नका हं, पण थोडी उतरली होती. आता तर काय विचारता."

धाकटा ओशाळला. शाबासकी चोरीच्या मालासारखी हातात आली होती. ठेवतो कुठे आणि लपवतो कुठे!

"ताई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "ताईंचा आजार घराण्यात येणारा असतो, हे मी तुम्हाला सांगितलं होतं ना? तुमचे डोळे तपासायचे राहिलेत. सकाळी उठल्यावर धुरकट दिसतं का?"

सकाळी भिंग धुरकट असतं. भिंग. डोळे नव्हेत. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, पण तो दिवाच जुना झालाय. हे सगळं त्याच्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि आपण किती पटकन उत्तरं शोधली याचं त्याला आश्चर्यही वाटलं नाही.

"छे हो, बाई. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" तो हसत म्हणाला. "काम दिसतंय ना तुमच्या समोर."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पात्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा सैल झाला.

"तेही खरंच. असं काम करणाऱ्या माणसाचे डोळे बिघडतील कशाला?"

त्या बोलल्या आणि दुसऱ्या कामाला लागल्या. धाकटा मात्र दारात पेटी छातीशी धरून उभाच राहिला. हे वाक्य त्यानं आधी ऐकलं होतं. याच खोलीत, याच बाईंच्या तोंडून, आणि तेव्हा ते ताईबद्दल होतं.

घरी जाताना तो रस्त्यातच थांबला. कुणी कुणाचं काम गुपचूप दुरुस्त करतं कधी? काम बिघडतं तेव्हाच ना! चांगल्या कामाला कोण कशाला हात लावेल? इतके दिवस तो एकच विचारत होता, हे कोण करतंय. हे का करावं लागतंय, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खोलीला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि शेजारच्या खोलीत जमिनीवर पडला. रेडिओ लावला नाही. पलंगावर ताई झोपली होती, दोन्ही हात पोटावर. तिचा श्वास संथ चालला होता. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, ते थांबलं. घर गप्प झालं.

मग भिंतीपलीकडे दगड बोलू लागला.

सर्र. सर्र. मग थोडं थांबून, पुन्हा सर्र. उंदीर असेल, धाकट्यानं स्वतःला सांगितलं. नळातलं पाणी असेल. पण त्याचा कान त्या आवाजावर लहानाचा मोठा झालेला. दोनदा ओढायचं, थांबून फुंकर घालायची, एकदा ओढायचं. पाळण्यात असल्यापासून ही लय त्यानं ऐकली होती. ती फक्त एका माणसाची लय होती आणि ते माणूस इथे त्याच्या समोर झोपलं होतं.

त्यानं ताईकडे बघितलं. ती गाढ झोपेत होती. फक्त तिचा डावा अंगठा पोटावर हलत होता. दोनदा मागेपुढे, थांबायचा, पुन्हा एकदा.

धाकटा उठला. किल्ली कुलपात जाईना, दोन्ही हातांनी धरून घालावी लागली. दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. दुपारचं ऊन ताईच्या टेबलावर पडलं होतं. मायक्रोस्कोपचा दिवा मात्र लागलेला होता, आणि तो त्यानं सकाळी आठवणीनं विझवला होता. भिंगाखाली गोल पातं एकटंच पडलं होतं. हलत नव्हतं, काही नाही.

तो टेबलापाशी गेला आणि भिंगाला डोळा लावला.

भिंगाखाली नख खिडकीएवढं मोठं दिसतं. मधोमध दुभंगलेलं नख. ते पात्याच्या पाठीला टेकलं होतं आणि पातं त्याच्या आधारानं सावकाश, मायेनं फिरत होतं.

त्यानं झटकन मान वर केली. टेबलावर नुसतं पातं. पुन्हा डोळा लावला. नुसतं पातं. कडेला तेलाचा एक थेंब अजून थरथरत होता.

पळून जावंसं वाटलं त्याला, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मनात दाटलं होतं. त्यानं स्वतः लावलेल्या धारा इस्पितळात वापरून कधीच पुसल्या गेल्या असतील, पण ताईच्या ज्या धारा त्यानं तिच्या पाठीमागे पुसल्या, त्या गेल्या कुठे? दगडावर गेल्या, फडक्यावर गेल्या, याच खोलीत राहिल्या. आणि आता त्या परत येत होत्या. रागानं आल्या असत्या तर त्यानं सोसलं असतं. त्या मायेनं येत होत्या, त्याच्यासारख्याच. मुकाट्यानं, त्याला कळू न देता.

"नको गं असं करू," तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "एकदा तरी उलटं ठेव. मला कळू दे. एकदा उलटं ठेव ना, ताई!"

तो बराच वेळ तिथे उभा राहिला. ऊन टेबलावरून खाली उतरलं. ट्रेमधली सगळी पाती सुलटीच होती.

६

मग त्यानं ठरवलं, आपल्या डोळ्यांचं खरं आपल्यालाच शोधायला हवं. अजून उशीर झाला नसेल. डॉक्टरीणबाई जवळच आहेत, एका दुपारचं काम. पण त्याआधी एकदा त्याला आपल्या पात्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक सुरी घेतली आणि आयुष्यात घेतली नव्हती इतकी मेहनत तिच्यावर घेतली. भिंगातून बघितलं, धार झकास वाटली. ट्रेमध्ये ठेवली नाही. डबीत घातली, डबी खिशात. जेवताना खिशात, आडवं झाल्यावर मुठीत. क्षणभरही तिला एकटं सोडलं नाही.

दुपारी त्यानं ताईला हाताला धरून कामाच्या खोलीत आणलं आणि तिच्या जुन्या खुर्चीवर बसवलं. कितीतरी दिवसांनी ती तिथे बसत होती. तिनं टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवली.

"धूळ नाही रे," ती म्हणाली. "पुसतोस वाटतं रोज."

तो पुसत नव्हता. पण ते बोलायची ही वेळ नव्हती. त्यानं डफली तिच्यासमोर ठेवली. रेडिओ बंद होता, बटण त्यानं दोनदा बघून घेतलं.

"ताई, मी सुरी सोडतोय. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला. ऐक, आणि मला खरं ते सांग. माझी शपथ आहे तुला."

"शपथा कसल्या घालतोस? सोड."

त्यानं चिमट्यात सुरी धरली, कातड्याला टेकवली आणि सोडली.

टक.

इतकं स्पष्ट की ताईची मान जराशी कलली. सुरी कातड्यावर तिरकी पडून राहिली होती, आत गेलीच नव्हती. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. आता ती बोलेल. आता ती म्हणेल, अरे, ही तर कुचकामी आहे, तुझ्या डोळ्यांना काय झालं? आणि मग तो तिच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकेल. सुऱ्या, कात्र्या, धुकं, सगळं. आणि मग दोघं उठून डॉक्टरांकडे जातील.

"नाही आला आवाज," ताई म्हणाली. "छान झालीय. बाबा असते तर पाठ थोपटली असती तुझी."

धाकट्यानं डोळे उघडले. ती हसत होती. लहानपणी तो तापात असताना उशाशी बसून 'आता उतरलाय हं ताप' असं म्हणताना ती अशीच हसायची.

तो खिडकीकडे वळला. समोरचं झाड कुठे दिसेना. सगळं पांढरं पांढरं होतं. भरदुपारी.

"ताई," त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "बाहेर धुकं आहे का गं?"

खिडकीतून आलेलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं. तिला ते लागत असणारच, कारण तिनं चेहरा उन्हाकडे किंचित वळवलेला होता.

"आहे रे," ती म्हणाली. "असतं हल्ली."

आणि काय सांगू तुम्हाला, ते ऐकून त्याला बरं वाटलं. छातीवरचं ओझं सर्रकन उतरलं, खुर्चीत जाऊन बसावंसं वाटलं, उद्या बघू असं वाटलं. ताईनं तेव्हा धुक्याबद्दल दुसऱ्यांदा का विचारलं नाही, ते त्याला त्या क्षणी समजलं. आपण तिच्याकडून काय हिरावून घेतलं तेही समजलं.

"ताई, ऐक," तो घाईघाईनं म्हणाला, "तेव्हा तुझी पाती मी..."

ताई पुढे वाकली आणि तिचा डावा हात उठला. घरात पाण्याचा पेला घ्यायचा तरी ती चाचपडायची. आता मात्र तो हात सरळ गेला, धाकट्याच्या टेबलापर्यंत, एकदाही न अडखळता, नेमका रेडिओच्या बटणावर. दुभंगलेलं नख बटणाच्या खाचेत बसलं. तिनं ते फिरवलं.

गाणं लागलं. तो बोलत राहिला. सगळं सांगितलं त्यानं, पहिल्या कात्रीपासून, ओरडून ओरडून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. ताई गाण्यावर मान हलवत होती.

"छान लागलंय," ती म्हणाली. "ऐक की." आणि तिनं आवाज आणखी वाढवला.